शिवराज अष्टक : तुमचा नंबर एक कोणता?

कानात इयरफोन नसतील तर हा भाग वाचूनही चालेल, नेहमीप्रमाणे बोललो तसंच उतरवून काढलंय.

आधी एक काम करा. फर्जंद, फत्तेशिकस्त, पावनखिंड, शेर शिवराज, सुभेदार. या पाच सिनेमांना एक ते पाच नंबर द्या. दिले? आता शेजारी बसलेल्याला त्याचे नंबर विचारा. दोघांची यादी सारखीच निघाली तर आजचा भाग इथंच बंद करा, तुम्हाला माझी गरज नाही.

आमच्या मनीषनगरात तरी तशी शक्यता कमीच. संध्याकाळी मिहानकडून घरी परतणारी पोरं टपरीवर चहाला थांबली आणि कुणी हा विषय काढला, की अर्धा तास गेलाच समजा. "पावनखिंड सोडून दुसरा नंबर एक असूच शकत नाही बे!" "काहून? फर्जंद पाह्यला का तू? साठ मानसांनी पन्हाळा घेतला भौ!" "अन् सुभेदारले तं कोनी विचारूनच नाही राहिलं!" मग एंट्री कुणाची भारी, तलवारबाजी कुणाची खरी वाटते, खलनायक कोण जबरी, यावर मार्क दिले जातात. फत्तेशिकस्तमधला अनुप सोनीचा शाहिस्तेखान की शेर शिवराजमधला मुकेश ऋषीचा अफजलखान, यावर तर मी दोस्तांचे आवाज चढलेले ऐकलेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दिग्पाल लांजेकर या दिग्दर्शकानं शिवरायांच्या काळावर आठ सिनेमे करायचं ठरवलं, म्हणून नाव 'शिवराज अष्टक'. त्यातले पाच २०१८ ते २०२३ या काळात आले. पाचही सिनेमांत महाराज झाले चिन्मय मांडलेकर आणि जिजाऊ झाल्या मृणाल कुलकर्णी. अजय पुरकर पावनखिंडमध्ये बाजीप्रभू झाले आणि सुभेदारमध्ये तानाजी. म्हणजे एकच नट एकाच मालिकेत दोनदा वीरमरण पत्करतो, आणि आपण दोन्ही वेळा रडतो!

आता एक गंमत. हे सिनेमे ज्या क्रमानं आले, त्या क्रमानं त्यांतल्या घटनांची सालं मांडून बघा. फर्जंद : पन्हाळा, १६७३. फत्तेशिकस्त : लाल महाल, १६६३. पावनखिंड : १६६०. शेर शिवराज : प्रतापगड, १६५९. सुभेदार : सिंहगड, १६७०. म्हणजे पहिले चार सिनेमे काळात उलटे, मागं मागं जातात आणि पाचवा एकदम अकरा वर्षं पुढं उडी मारतो. कथेच्या क्रमानं पाहायचे असतील तर शेर शिवराजपासून सुरू करून फर्जंदवर संपवा. अफजलखानाच्या वधानंतर काही महिन्यांतच सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला वेढा का पडतो, हे मग आपोआप कळतं. आदिलशाहीला त्या पराभवाचा हिशेब चुकता करायचा होता.

पण आजचा माझा मुद्दा दुसराच आहे. माझं म्हणणं असं, की याद्या दोन करायच्या. एक सिनेमाची, म्हणजे कुठला बघताना अंगावर काटा आला त्याची. दुसरी पुराव्याची, म्हणजे त्या घटनेबद्दल त्या काळातला कागद किती बोलतो त्याची. दुसरी यादी केली की मजा होते, कारण टपरीवरची यादी पार उलटीपालटी होऊन जाते.

फर्जंद घ्या. सिनेमा येण्याआधी कोंडाजी फर्जंद हे नाव आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक होतं? पण मार्च १६७३ मध्ये त्यांनी साठ माणसांनिशी पन्हाळा घेतला, त्यावर जयराम पिंडे या कवीनं त्याच सुमारास एक अख्खं संस्कृत काव्य लिहिलंय, 'पर्णालपर्वतग्रहणाख्यान'. पर्णाल म्हणजे पन्हाळा. नाव जरा जड आहे, पण अर्थ सरळ : पन्हाळा कसा घेतला त्याची गोष्ट. सर्वांत कमी माहीत असलेला वीर, आणि पुरावा त्याच काळातला!

फत्तेशिकस्तचंही तसंच. लाल महालावरचा छापा ५ एप्रिल १६६३ चा. १२ एप्रिलला, म्हणजे अवघ्या आठवड्यात, राजापूरच्या इंग्रज वखारीतून सुरतेला पत्र गेलं, त्यात या छाप्याची बातमी आहे. शाहिस्तेखानाची बोटं तुटली, त्याचा मुलगा मारला गेला आणि पुढं औरंगजेबानं त्याला बंगालला पाठवून दिलं. यात मराठी, इंग्रजी आणि मुघल बाजूचे कागद एकमेकांना दुजोरा देतात.

शेर शिवराज. अफजलखानाच्या भेटीवर अज्ञानदासाचा पोवाडा आहे, तो आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या पोवाड्यांपैकी. शिवाय कवींद्र परमानंदाचं 'शिवभारत' आहे, तेही महाराजांच्याच हयातीतलं. पण पहिला वार कुणी केला, यावर मराठी साधनं एक सांगतात आणि मुघल बाजूचे लेखक दुसरं. असं होतंच. कागद कुणी लिहिला, कुणासाठी लिहिला, हे आधी विचारायचं असतं.

सुभेदार. तानाजी मालुसरे ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाण्यावर पडले, गड आला, यात शंका नाही. सभासद बखरीत त्यांच्यासोबत पाचशे मावळे होते असं येतं. पण घोरपडीची गोष्ट तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून आपल्याकडे आली. आणि तानाजींच्या बलिदानामुळे गडाचं नाव सिंहगड पडलं असं आपण शाळेपासून ऐकतो, तर 'सिंहगड' हे नाव महाराजांच्या १६६३ सालच्या पत्रातच सापडतं. म्हणजे लढाईच्या सात वर्षं आधी!

आणि पावनखिंड. टपरीवरचा नंबर एक. १६६० च्या जुलैत महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाला गेले, हे पक्कं. बाजीप्रभू आणि बांदलांच्या माणसांनी वाट अडवून धरली. पण विशाळगडावरून होणारे तोफांचे बार, बाजींचे अखेरचे क्षण, हे जे आपल्याला तोंडपाठ आहे, त्यातलं बरंचसं नंतरच्या बखरींनी आणि शाहिरांनी रंगवलेलं आहे. माझ्या दुसऱ्या यादीत पावनखिंड म्हणून पाचवा येतो. पहिल्या यादीत? पहिला. अजूनही. बाजी यानं तसूभरही लहान होत नाहीत. शाहिरांनी दोन-तीनशे वर्षं ती गोष्ट गात ठेवावी, असं त्या खिंडीत काहीतरी घडलं होतंच ना!

ही सवय आपल्या पिढीची आहे असंही समजू नका. सिंहगडावर बाबूराव पेंटरांनी १९२३ मध्ये मूकपट काढला. दहा वर्षांनी, १९३३ मध्ये, प्रभातसाठी व्ही. शांतारामांनी त्याच गोष्टीवर बोलपट काढला. दोन्हींचं मूळ हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीत. म्हणजे तुमच्या-माझ्या पणजोबांनाही 'आधीचा भारी की नंतरचा' असं भांडायची सोय होती. शांतारामांनी १९३० मध्ये शिवरायांवर जो मूकपट काढला त्याचं नाव होतं 'स्वराज्याचं तोरण'. इंग्रजांच्या सेन्सॉरला 'स्वराज्य' हा शब्दच झोंबला, म्हणून तो 'उदयकाल' या नावानं आला. सिनेमातला गड सरकारला तेव्हाही खराच वाटत होता.

इथं नागपूरकरांना एक गोष्ट सांगायला हवी. पाचपैकी एकाही सिनेमात आपलं गाव नाही. १६५९ मध्ये नागपूर शहरच नव्हतं, ते देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंदनं १७०२ मध्ये वसवलं आणि भोसले त्यानंतर आले. पुण्याच्या पोराला शंका आली तर तो रविवारी सकाळी सिंहगड चढून येतो. मनीषनगरच्या पोराला पन्हाळा बघायचा तर अख्खा महाराष्ट्र ओलांडावा लागतो. आपल्यासाठी पडद्यावरचा गड हाच गड. म्हणून दुसरी यादी आपल्याला जास्त लागते.

ती नसली की काय होतं? २०२२ मध्ये बाजीप्रभूंवरचाच दुसरा सिनेमा आला, 'हर हर महादेव'. इतिहास चुकीचा दाखवला म्हणत ठाण्यात चालू शो बंद पाडला गेला. २०२४ मध्ये मांडलेकरांना मुलाच्या नावावरून इतकं ट्रोल केलं, की त्यांनी यापुढं महाराजांची भूमिका करणार नाही असं जाहीर केलं. आणि मार्च २०२५? ते तर आपल्याच शहरात झालं. औरंगजेबाच्या कबरीवरून महालात आंदोलन झालं, अफवा उठल्या, रात्री दगडफेक आणि जाळपोळ झाली, अनेक भागांत संचारबंदी लागली. त्यात एकाचा जीव गेला. 'छावा' सिनेमानं औरंगजेबाविरुद्धचा लोकांचा राग जागा केला, असं मुख्यमंत्री विधानसभेत म्हणाले. दंगल सिनेमानं झाली असं मी म्हणत नाही, त्यामागं बरंच काही असतं. पण त्या आठवड्यात आमच्या टपरीवर कुणी नंबर लावत नव्हतं. सगळे मोबाईलमध्ये मान घालून महालातले व्हिडिओ बघत होते, आणि कुठला खरा, कुठला जुना, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

"हे कुणी लिहिलं, कधी लिहिलं?" हा प्रश्न बखरीला विचारायची सवय लागली, की फॉरवर्डलाही विचारता येतो. दुसऱ्या यादीचा उपयोग एवढाच, आणि मला वाटतं तो पुरेसा आहे.

तर भांडा. खुशाल भांडा, पावनखिंड की फर्जंद. फक्त समोरचा म्हणाला की "हे असं घडलंच नव्हतं", तर कॉलर धरण्याआधी एवढंच विचारा, "कुठं लिहिलंय भौ?" त्याच्याकडे उत्तर असेल तर चहा तुमच्याकडून.

तुमच्या दोन्ही याद्या पाठवा, पुढच्या भागात वाचून दाखवतो. तोवर, भेटूया!