घरमालक दुरुस्ती करत नसेल तर भाडेकरूचे हक्क

छत गळते, भिंतीला ओल आली आहे, संडासाचा पाइप फुटला आहे आणि घरमालक लक्ष देत नाही. अशा वेळी रागाने काही भाडेकरू भाडे देणेच बंद करतात. असे करू नका. भाडे थकले की घर खाली करून मागायला घरमालकाला कारण मिळते. दुरुस्तीचा खर्च भाड्यातून वळता करून घेण्याची सोय कायद्यात आहे, पण तिची पद्धत पाळावी लागते.

घरभाड्याचे कायदे राज्यागणिक वेगळे आहेत. येथे मुख्यतः महाराष्ट्राची माहिती दिली आहे.

महाराष्ट्रातील तरतूद

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ जिथे लागू आहे, तिथे कलम १४ नुसार घर राहण्याजोगे ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. करारात वेगळे ठरले असेल तर मात्र हे बंधन राहत नाही, म्हणून आधी करारनामा वाचा. करार लेखी व नोंदणीकृत करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. असा करार नसेल तर अन्यथा सिद्ध होईपर्यंत अटींबाबत तुमचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. लिव्ह अँड लायसन्सवर राहत असाल तर करारातील अटच महत्त्वाची.

दुरुस्तीसाठी घरमालकाला किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्या. काय बिघडले आहे ते साध्या भाषेत लिहा, फोटो जोडा, नोटीस पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. ‘दोनदा तोंडी सांगितले होते’ एवढ्याने भागत नाही. नोटिशीनंतर वाजवी मुदतीत काम झाले नाही तर तुम्ही स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापू शकता. जिना, गच्ची अशा सामाईक कामासाठी भाडेकरूंना मिळूनही नोटीस देता येते.

कपातीला मर्यादा आहे: एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. भाडे दरमहा ४,००० रुपये असेल, तर वर्षाचे ४८,००० रुपये होतात आणि कपात जास्तीत जास्त १२,००० रुपये. काम मोठे असेल तर हा हिशेब गवंडी बोलावण्याआधीच करा. प्रत्येक खर्चाची पावती घ्या; भाडेकरूने ठेवलेला हिशेब आणि पावत्या कायद्याने घरमालकावर बंधनकारक आहेत. उरलेले भाडे वेळेवर द्या आणि त्याचीही पावती मागा.

पाणी किंवा वीज तोडली असेल तर

पाणी, वीज, जिन्यातील दिवे, लिफ्ट किंवा साफसफाई योग्य कारणाशिवाय बंद करण्यास कलम २९ ने मनाई आहे. ही सेवा पूर्ववत करून मिळण्यासाठी न्यायालयात अर्ज करता येतो.

इतर राज्यांत

दिल्लीत १९५८ चा भाडे नियंत्रण कायदा दरमहा ३,५०० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या घरांना लागू आहे. तेथे दुरुस्तीखर्चाची कपात वर्षाच्या भाड्याच्या बाराव्या भागापर्यंतच करता येते. केंद्राचा २०२१ चा आदर्श भाडेकरू कायदा महिन्याच्या भाड्याच्या निम्म्यापर्यंत कपात करू देतो, पण राज्याने तो स्वीकारला असेल तरच त्याचा उपयोग.

मोफत वकील

महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. इतरांसाठी उत्पन्नमर्यादा आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा. जाताना करारनामा, नोटिशीची प्रत आणि भाड्याच्या पावत्या सोबत न्या.