साथीची चाहूल

साथ आली म्हणजे समाज प्रथम माणसांकडे संशयानें पाहतो; रोगाचें मूळ ज्या मुक्या प्राण्यांत असतें, त्यांच्याकडे लक्ष जाण्यास फार विलंब लागतो. फेब्रुवारी २०२१ मध्यें अमरावती व अकोला येथें करोनाची साथ पुन्हां उसळली, तेव्हां आम्हां वऱ्हाडकरांची सारी शक्ति माणसांची तपासणी व टाळेबंदी यांतच खर्ची पडली.

पुण्यांत १८९७ सालीं असेंच घडलें होतें. प्लेगच्या बंदोबस्तासाठीं सोजीर घराघरांत शिरले, माजघरें व देवघरें धुंडाळलीं गेलीं. लोकांचा क्षोभ अनावर झाला आणि २२ जून रोजीं रँडसाहेबांवर गोळी झाडली गेली. रोग मात्र हटला नाहीं. कारण उंदीर व त्याच्या अंगावरील पिसू यांचें कारस्थान कोणास उमगलें नव्हतें. सिमाँ या फ्रेंच वैद्यानें १८९८ मध्यें कराचींत तें ओळखलें. पण १९०५ पासून मुंबईंत काम करणाऱ्या प्लेग-संशोधन मंडळानें तें सिद्ध करीपर्यंत त्यावर फारसा कोणीं विश्वास ठेविला नाहीं. माणूस आधीं गांजला गेला आणि प्राणी मागाहून कळला.

हा क्रम उलटा करण्याचा यत्न पुण्यांतच चालला आहे. तेथें १९५२ सालीं निघालेलें विषाणु-संशोधन केंद्र आज राष्ट्रीय विषाणु-विज्ञान संस्था म्हणून प्रसिद्ध आहे. निपा विषाणूनें १९९८-९९ मध्यें मलेशियांत, २००१ मध्यें सिलिगुडींत व २०१८ मध्यें कोझिकोडांत बळी घेतले. महाराष्ट्रांत त्याचा एकही रुग्ण नोंदलेला नसतां, मार्च २०२० मध्यें संस्थेच्या संशोधकांनीं महाबळेश्वरच्या गुहेंतील वटवाघुळें तपासलीं. फळें खाणारी एक व किडे खाणारी एक, अशा दोन जातींत निपाच्या खुणा आढळल्या, व २०२१ सालीं तें जाहीर झालें.

या खुणांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. घशाच्या स्रावांत विषाणूचा अंश सांपडला, तर तो त्या घडीस शरीरांत आहे. रक्तांत प्रतिद्रव्यें सांपडलीं, तर तो पूर्वीं येऊन गेला आहे. अशीच रक्तपरीक्षा आसपासच्या माणसांची केली, म्हणजे विषाणूनें आपला उंबरठा ओलांडला कीं नाहीं, हें कळतें. वटवाघुळांत खूण मिळाली म्हणून गांवांत रोग आला, असें मुळींच ठरत नाहीं.

म्हणून अशा वार्तेनें भिऊन वटवाघुळें मारणें हा अविचार होय. तीं रात्रीं उडणारे पतंग खातात, फुलांचे पराग वाहतात, बिया दूरवर पसरवितात. त्यांनीं उष्टावलेलें फळ टाकून द्यावें, त्यांच्या गुहांत उगाच शिरूं नये, एवढें पथ्य पुरे. आमच्या वऱ्हाडांतही ही तपासणी साथीच्या धांदलींत नव्हे, निरोगी दिवसांतच झाली पाहिजे. चाहूल वेळीं लागली, तर दार लावण्यास अवधि मिळतो. घरांत शिरलेल्या रोगाशीं झुंजतांना मात्र पुण्यास काय सोसावें लागलें, तें आपण पाहिलेंच.