काळी, पांढरी आणि डोक्यावरचे छत

वऱ्हाडातल्या गावांच्या जुन्या कागदांत दोन शब्द नेहमी जोडीने भेटतात. काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा, आजच्या भाषेत गावठाण. पाटील-कुळकर्ण्यांच्या दप्तरात हे शब्द महसुलाचे झाले, पण मुळात हा भेद मातीचा आहे. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात शेताच्या भेगेत कोपरापर्यंत हात जातो. कपाशी आणि तुरीला ही माती चांगली, भिंतीला नाही. पांढरी मात्र पिढ्यान्‌पिढ्यांच्या पडक्या भिंती, चुलीची राख, चुना, शेणमाती यांनी बनलेली. ती फुगत नाही, फाटत नाही. म्हणून घर पांढरीवर बांधायचे आणि त्याच पांढरीतून छतावरची माती आणायची, हा इथला रिवाज होता.

हे आठवायचे कारण म्हणजे दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर वर्तमानपत्रात येणारी बातमी: महापालिकेकडून शिकस्त इमारतींना नोटिसा. अमरावती-अकोल्याच्या वाचकाला हा शब्द इतका सवयीचा आहे की तो फारसी आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. शिकस्ता म्हणजे मोडलेले. उर्दू शिकणारी मुले तो ‘खत-ए-शिकस्ता’मुळे ओळखतात, म्हणजे अक्षरे मोडून भराभर लिहिण्याची पद्धत. छताशी जोडलेले असे आणखीही शब्द आपण रोज वापरतो. गच्चीमधला ‘गच’ म्हणजे चुन्याचा गिलावा, तोही फारसीच. दुरुस्ती आणि मरम्मत हे शब्दही त्याच वाटेने आले.

नोटीस निघते ती मुख्यतः वयावरून. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातल्या कलम २६५-अ प्रमाणे इमारत ३० वर्षांची झाली की मालकाने किंवा भोगवटादाराने नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तिची तपासणी करून घ्यायची असते. वयाची अट चुकीची नाही. पण वऱ्हाडात नुसते वय विचारून छताची अर्धीच हकिकत कळते. खाली कोणती माती आहे, वर कोणते ऊन-पाऊस पडतात आणि छत कोणत्या जातीचे आहे, हे विचारल्याशिवाय ३० या आकड्याला अर्थ येत नाही.

आधी मातीचे पाहू. सातपुड्याच्या पायथ्यापासून दक्षिणेकडे उतरत आलो की पूर्णा नदीचे खोरे लागते. महाराष्ट्राचा बराचसा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या काळ्या पाषाणावर उभा आहे. पूर्णेच्या खोऱ्यात मात्र तो पाषाण खूप खोल गेला आणि वर नदीच्या गाळाचा जाड थर बसला. त्याच गाळात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतला खारपाण पट्टा आहे. इथल्या विहिरीचे पाणी खारे, जमिनीत सोडियम जास्त. दगड कुठे हाताशी आहे आणि कुठे नाही हे आपल्या किल्ल्यांवरूनही दिसते. बहामनी सुलतान अहमदशाह वलीने १४२५ मध्ये बांधलेला गाविलगड सातपुड्याच्या दगडात उभा आहे. बाळापूरचा किल्ला औरंगजेबाचा मुलगा आजमशाह याने सुरू केला आणि एलिचपूरचा नवाब इस्माईलखान याने १७५७ मध्ये पुरा केला. मन आणि म्हैस या नद्यांच्या मधल्या त्या किल्ल्याच्या भिंती विटांच्या आहेत.

याच खाऱ्या मातीने इथले छत घडवले. मैदानातल्या गावांत धाब्याची घरे होती. इतरत्र त्यांना माळवद म्हणतात. सागवानी तुळया, त्यांवर आडव्या लाकडी पट्ट्या, त्यांवर तुराट्या किंवा पऱ्हाट्यांचा थर आणि सगळ्यांत वर ठोकून बसवलेली खारी, भुरकट माती. शेतकऱ्याला नकोशी असलेली माती छताला हवीशी का वाटावी? सोडियम जास्त असलेली माती ओली झाली की तिचे बारीक कण सुटे होतात आणि छिद्रे बुजवून टाकतात. मग पाणी खाली झिरपत नाही. ज्या गुणामुळे खारपाण पट्ट्यातल्या शेतात पाणी साचून पीक पिवळे पडते, त्याच गुणामुळे धाबे गळत नाही. हे कुणी प्रयोगशाळेत शोधले नव्हते, पण बाया टोपल्या घेऊन नेमक्या त्याच खड्ड्याकडे जात.

मात्र हे छत दरवर्षी बघावे लागे. उन्हाने पडलेल्या बारीक भेगा, उंदरांची बिळे, कोपऱ्यात उगवलेले गवत, बुजलेले पन्हाळ हे सगळे मृगाच्या आधी तपासून नवी माती चढवायची. ईद, रमजान, मुहर्रम आपण चंद्रावर मोजतो, ते सगळ्या ऋतूंतून फिरतात. छताची तारीख मात्र मुसलमानांच्या घरीही नक्षत्रावरच ठरायची. यात काही विसंगती नाही. दख्खनच्या जुन्या मराठी कागदांत जो शुहूर सन आढळतो, त्याचे आकडे अरबी, महिने हिजरी आणि वर्षाची सुरुवात सूर्य मृगात गेल्यावर. म्हणून त्याला मृगसाल असेही म्हणत. चंद्राचे पंचांग आणि पावसाचे पंचांग एकाच कागदावर नांदत होते.

धाब्याचा एक दोष सांगायला हवा, कारण जुन्या घरांच्या प्रेमात तो विसरला जातो. दरवर्षी माती चढते, पण जुनी कुणी उतरवत नाही. १० बाय १२ फुटांच्या खोलीवर एक इंच मातीचे वजन कोरडेपणी सुमारे साडेचारशे किलो भरते, ओली झाली की त्याहून जास्त. असे पंचवीस-तीस वर्षांचे थर डोक्यावर धरून तुळया उभ्या असतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, त्यात सात हजारांहून अधिक माणसे गेली. जाड मातीची धाबी आणि नीट न बांधलेल्या दगडी भिंती हे त्या मृत्यूंचे मोठे कारण होते. वऱ्हाडात तसा भूकंप झालेला नाही म्हणून आपण निश्चिंत आहोत. पण वाळवीने पोखरलेल्या तुळईला भूकंपाची गरज नसते, एक झड पुरते. धाबे तपासताना पहिला प्रश्न ‘गळते का’ हा नसावा, ‘माती किती इंच आहे’ हा असावा. दुसरा प्रश्न तुळईच्या भिंतीत शिरलेल्या टोकाचा. लाकूड मधे ठणठणीत दिसते आणि टोकाला भुसा झालेले असते.

अचलपूर-परतवाड्याहून वर चढलो की छत बदलते. चिखलदऱ्याला मैदानाच्या जवळपास दुप्पट पाऊस पडतो. तिथे सपाट धाबे कुणी घालणार नाही. उतरते छप्पर आणि कवेलू हेच तिथले शहाणपण. मैदानातही कवेलू होतेच. १८६७ पर्यंत मुंबई-नागपूर रेल्वे पूर्ण झाली आणि पुढे मंगलोरी कवेलू आणि टिनाचे पत्रे गाडीने येऊ लागले. कापसाच्या पैशाने बांधलेल्या घरांवर ते चढले. गावठी कवेलू दर उन्हाळ्यात फेरावे लागत, मंगलोरी कवेलूला ते काम कमी. वानरांना मात्र दोन्ही सारखेच. वऱ्हाडातल्या छताच्या आयुष्यावर लिहिताना वानराला वगळणे अन्यायाचे होईल.

टिनाने आणखी एक सवय मोडली. टिन गळत नाही, म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही. टिनाचा शत्रू पाऊस नसून वारा आहे, आणि आमच्याकडे वारा मृगाची वाट बघत नाही. ९ एप्रिल २०२३ च्या रात्री अकोला जिल्ह्यातल्या पारस इथे बाबूजी महाराज संस्थानात अवकाळी पाऊस आणि वादळात कडुलिंबाचे जुने झाड टिनाच्या शेडवर कोसळले. आसऱ्याला शेडखाली थांबलेल्यांपैकी सात जण दगावले. त्या शेडचे वय कुणी कितीही काटेकोर मोजले असते तरी उपयोग नव्हता, कारण धोका छताच्या बाहेर उभा होता. मृगाच्या आधीची तपासणी एप्रिलच्या वादळाला उशिरा पोचते. आता अवकाळी पाऊस दरवर्षीचाच झाला आहे, तेव्हा झाडांच्या फांद्या आणि टिनाचे हूक फेब्रुवारीतच बघायला हवेत.

आता स्लॅब. सत्तर-ऐंशीच्या दशकात स्लॅबचे घर ही प्रतिष्ठा झाली, आखाताचा पैसा आला तिथे तर आधी स्लॅबच पडला. लोकांना वाटले, छत बघायचे काम एकदाचे संपले. ते स्लॅब आज चाळीस-पन्नास वर्षांचे आहेत आणि वऱ्हाडची माती, पाणी, ऊन तिघेही त्यांच्या विरुद्ध आहेत. पाणी खारे असेल तर त्यातले क्लोराईड आतली सळई गंजवते. सळईच्या काँक्रीटसाठी वापरायच्या पाण्यात क्लोराईड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे भारतीय मानक ब्युरोचे आयएस ४५६ सांगते. खारपाण पट्ट्यात जे पाणी गुरे तोंडाला लावत नाहीत, ते बोअरचे पाणी स्लॅबला मारण्यात कुणाला काही गैर वाटत नाही. गंजलेली सळई फुगते आणि खालून खपल्या पडू लागतात. तेव्हा आपण काय करतो? पुट्टी लावून रंग मारतो. म्हणजे छताने बोलायला सुरुवात केली की त्याचे तोंड बंद करतो.

उन्हाचे काम वेगळे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, स्लॅब तापून पसरतो आणि रात्री आकसतो. कठड्याच्या सांध्यात भेग पडते आणि पहिल्या पावसाचे पाणी तिथूनच शिरते. आणि कधीकधी छत गळते, पण दोष पायात असतो. गावाची पांढरी केव्हाच भरली, नवे ले-आउट काळीवर पडले. काळी फुगली की घराचा एक कोपरा उचलला जातो, आकसली की खचतो. दाराखिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात आणि वर स्लॅबपर्यंत जातात. अशा ठिकाणी गच्चीवर वॉटरप्रूफिंगचे कितीही डबे ओतले तरी पुढच्या वर्षी तीच भेग पुन्हा उघडते. काळ्या मातीसाठी रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने खाली फुगीर बुंध्याचे खांब पायात घालण्याची पद्धत तयार केली, त्यालाही आता अर्धशतक उलटून गेले. साध्या घराच्या बांधकामात ती क्वचितच दिसते.

माझ्या मते इथे तपासणी वर्षातून दोनदा हवी आणि दुसरी अधिक महत्त्वाची आहे. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. तेव्हा ओल कुठे बसली त्याचा नकाशा छताच्या पोटावर स्पष्ट दिसतो, काळी पुन्हा आकसू लागलेली असते, लाकडाची टोके ओलीच असतात. अमरावतीच्या प्रभात चौकातली जुनी इमारत कोसळून पाच जण गेले ती तारीख ३० ऑक्टोबर २०२२ होती. आषाढ-श्रावणातली नव्हे. ती इमारत शिकस्त म्हणून आधीच ओळखली गेली होती, नोटिसाही झाल्या होत्या.

म्हणजे नोटीस होती आणि तरीही माणसे आत होती. असे का होते? अकोल्याच्या जुन्या शहरात, बाळापूर-अचलपूरच्या मोहल्ल्यांत हे घरोघर दिसते. घर आजोबांच्या नावावर. शरीयतप्रमाणे माणूस गेला की वारसांचे हिस्से त्याच क्षणी ठरतात, वाटणी मात्र वीस-वीस वर्षे होत नाही. बहिणींचा हिस्सा द्यायचा नसतो म्हणून भाऊ वाटणीचा विषय काढत नाहीत, हेही मोकळेपणाने बोलायला हवे. नोटीस मयताच्या नावाने येते, नऊ हिस्सेदारांपैकी तुळई बदलायचा खर्च कुणी करायचा हे ठरत नाही, आणि पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या सगळ्यांत गरीब भावाच्या डोक्यावर ते छत असते. शेजारच्या वाड्यात एकत्र कुटुंबाच्या नावाने हीच गोष्ट घडते. भाडेकरू असेल तर नोटीस म्हणजे मालकाचा डाव असे त्याला वाटते, आणि पुष्कळदा तो चुकत नाही. कारण घर पाडले तर आपली जागा परत मिळेल का, हे त्या कागदावरून त्याला कळत नाही.

यावर एक मधला मार्ग आहे आणि तो फार महाग नाही. वाटणी होईपर्यंत छतापुरता लेखी करार करायचा: तपासणीची फी आणि तुळई-सळईचा खर्च हिस्स्याच्या प्रमाणात, आणि तो वाटणीच्या वेळी वजा होणार. बहिणींची नावे आणि सह्या त्यात आल्याच पाहिजेत. इंजिनिअरलाही नुसते वय सांगू नका. घर पांढरीवर आहे की काळीवर, बांधकामाला पाणी कुठल्या विहिरीचे होते, धाब्यावर माती शेवटची कधी चढवली, भेग उन्हाळ्यात रुंद होते की पावसाळ्यात, हे सांगा. घरात सत्तरी ओलांडलेले कुणी असेल तर यातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्यांना तोंडपाठ असतात. त्यांना पलंगावरून उठवून अंगणात आणा आणि इंजिनिअरच्या शेजारी खुर्ची द्या.