दोन कैफियती



बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याने उचगावला येताना वाटेत हिंडलगा लागते. तिथले हुतात्मा स्मारक आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. 1986 च्या जून महिन्यात कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराला जे बळी पडले, त्यांचे ते स्मारक. तिथे आपण दरवर्षी 1 जूनला डोके टेकतो. 17 जानेवारीला 1956 च्या हुतात्म्यांना स्मरतो. 1 नोव्हेंबरला काळा दिवस पाळतो. या तारखा आपल्या घरांत सणवारांसारख्या पाठ आहेत. आज याच मातीतली आणखी एक तारीख आपल्यापुढे ठेवतो. ती आपल्या आठवणीत सहसा नसते : एप्रिल 1925, निपाणी.

आधी आपली कैफियत मांडू. 1956 पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. 1 नोव्हेंबर 1956 ला तो म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड तालुका तेवढा मुंबईकडे राहिला. एका रात्रीत इथला मराठी माणूस आपल्याच शेतात उभा राहून अल्पसंख्य झाला. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने 350 अ आणि 350 ब ही कलमे घटनेत आली. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे आणि त्यांच्या हक्कांवर देखरेख ठेवणारा अधिकारी असावा, असे ती सांगतात. कागद असा, आणि अनुभव वेगळा. जमिनीचा उतारा, नोटीस, अर्जाचा नमुना हे सारे न समजणाऱ्या भाषेत हाती पडले की म्हातारा शेतकरी दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचू लागतो. अन्याय दर वेळी काठी घेऊनच येतो असे नाही. अनेकदा तो 'खिडकी क्रमांक दोनवर विचारा' असे म्हणत येतो. महाजन आयोग 1966 साली नेमला गेला, महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, आणि तीन पिढ्या वाट पाहत राहिल्या. या वाट पाहण्यातूनच उचगाव, कडोली, येळ्ळूर, सांबरा अशा गावांत मराठी साहित्य संमेलने उभी राहिली. पंचक्रोशीतले लोक मांडवात बसून दिवसभर व्याख्याने ऐकतात, हे चित्र पुण्या-मुंबईतही दुर्मीळ आहे.

ही कैफियत खरी आहे. तिच्यातले एक अक्षरही कमी करावे असे मी म्हणणार नाही. पण याच गावांतून त्याआधी एक दुसरी कैफियत निघाली होती, आणि तिच्यात प्रतिवादी आपण होतो.

4 ऑगस्ट 1923 ला मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असे त्यात म्हटले होते. बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात असल्याने तो आपल्याही गावांना लागू होता. पुढच्या वर्षी, डिसेंबर 1924 मध्ये, बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजींनी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्षपद भूषवले, ते इथे. अधिवेशनाला पाणी हवे म्हणून टिळकवाडीत विहीर खोदली गेली. ती 'काँग्रेस विहीर' म्हणून आजही दाखवतात. अध्यक्षीय भाषणात अस्पृश्यतानिवारणाचा आग्रह होता. तरी गावोगावच्या विहिरींवरचा रिवाज ना ठरावाने हलला, ना भाषणाने.

त्यानंतर चार महिन्यांच्या आत, एप्रिल 1925 मध्ये, निपाणीला मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषदेचे अधिवेशन झाले. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्या वेळी त्यांचे वय चौतीसच्या आसपास होते आणि महाडचे तळे अजून दोन वर्षे पुढे होते. त्रावणकोरातील वैक्कमला देवळाभोवतीच्या रस्त्यासाठी सत्याग्रह चालू होता. तो रस्ता आणि आपल्या गावातला पाणवठा यांत फरक फक्त भाषेचा होता. निपाणीला जमलेले लोक घरी मराठी बोलत होते. त्यांना पाण्यापासून दूर ठेवणारेही मराठीच बोलत होते.

बाबासाहेबांनी 1929 साली धारवाडला विद्यार्थी वसतिगृह सुरू केले. त्याची जबाबदारी सांभाळणारे बळवंतराव वराळे यांनी पुढे 'डॉ. आंबेडकरांचा सांगाती' हे आठवणींचे पुस्तक मराठीत लिहिले. त्यांचे नातू प्रसन्न वराळे निपाणीत जन्मले आणि 2024 साली सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. सीमाभागातील मराठीचा अभिमान सांगताना ही नावे आपल्या ओठांवर किती वेळा येतात, हे आपणच आठवून पाहावे.

या दोन कैफियतींना जोडणारा धागा बाबासाहेबांनीच 1955 साली दाखवून ठेवला. भाषावार राज्यांवरील आपल्या पुस्तकात त्यांनी इशारा दिला होता, की एका भाषेचे राज्य म्हणजे बहुतेक ठिकाणी एका मोठ्या जातीचे राज्य ठरेल आणि विखुरलेल्या लहान समाजांना दाद मागायला जागा उरणार नाही. कानडी बहुसंख्येत सापडलेल्या मराठी माणसाला हे वाचून आपलेच दुःख आठवेल. पण त्यांच्यासमोरच्या उदाहरणांत महाराष्ट्रही होता. इशारा आपल्यासाठी होता, तसाच आपल्याविषयीही होता.

1956 च्या ऑक्टोबरची 14 तारीख आणि नोव्हेंबरची 1 तारीख यांत अठरा दिवसांचे अंतर आहे. पहिल्या दिवशी नागपूरला धर्मांतर झाले, दुसऱ्या दिवशी आपला जिल्हा म्हैसुरात गेला. गावाच्या वेशीबाहेरच्या मराठी कुटुंबाने या दोन्ही घटना एकाच दिवाळीच्या हंगामात पाहिल्या. गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात 1958 चा आणि म्हैसूर राज्यात 1961 चा. चंदगडकडचा भाऊबंद एका कायद्याखाली, इकडचा दुसऱ्या. राज्याची रेघ त्यांच्याही घरावरून गेली, आणि गावाची रेघ तर आधीपासून होतीच. ते दुहेरी अल्पसंख्य होते.

जगात याला वंशभेद म्हणावे की नाही, यावर वाद झाला आहे. 2001 साली दरबानच्या परिषदेत दलित संघटनांनी जातीचा प्रश्न मांडला, तेव्हा भारत सरकारने विरोध केला. पण वंशभेदविरोधी करारावर देखरेख ठेवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने 2002 साली जन्मावरून होणाऱ्या भेदात जातीचाही समावेश केला. आपल्या लोकांनी हे नाते फार आधी ओळखले होते. जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलामगिरी मोडणाऱ्यांना अर्पण केली. बाबासाहेबांनी 1946 साली कृष्णवर्णीयांचे नेते ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. नाव काहीही द्या, परिणाम सारखाच : माणूस आपल्या गावात राहूनही गावाचा होत नाही.

म्हणून जुन्या घराण्यांना एक विनंती. आपल्या माडीवर जुनी कागदपत्रे आहेत आणि आजी-आजोबांकडे आठवणी आहेत. गावचा इतिहास लिहिताना मोर्चे, तुरुंगवास, हुतात्मे यांची नोंद जरूर करा. त्याच वहीत हेही लिहा, की 1925 साली आपल्या विहिरीवर कोण पाणी भरत होते, कोण दूर थांबून ओंजळ धरत होते, शाळेत कोणाचे पोर ओसरीवर बसत होते, आणि हा रिवाज कोणाच्या काळात मोडला. सर्वोच्च न्यायालयात आपण मागत आहोत तो न्याय मिळेल तेव्हा मिळेल. वहीतला न्याय आपल्याच हातात आहे, आणि त्या आठवणी सांगू शकणारी माणसे आता थोडी उरली आहेत.