महाराष्ट्र क्रिकेट संघाचा १९४८-४९चा हंगाम

महाराष्ट्र क्रिकेट संघाचा १९४८-४९चा हंगाम हा रणजी करंडक स्पर्धेतील या संघाचा स्वातंत्र्योत्तर काळातील एक उल्लेखनीय हंगाम होय. या हंगामात महाराष्ट्राने उपांत्य फेरी गाठली, परंतु मुंबईविरुद्ध पराभव झाल्याने त्याला अंतिम सामना खेळता आला नाही. करंडक हुकला असला तरी क्रिकेटच्या इतिहासात कायम राहिलेले दोन विक्रम याच हंगामात पुण्यात नोंदवले गेले. भाऊसाहेब निंबाळकर यांची नाबाद ४४३ धावांची खेळी हा त्यांपैकी पहिला, तर एकाच प्रथम श्रेणी सामन्यात झालेल्या २,३७६ धावा हा दुसरा.

पार्श्वभूमी

महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनची स्थापना १९३४ साली झाली. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली संघाने १९३९-४० आणि १९४०-४१ असा सलग दोनदा रणजी करंडक जिंकला. १९४८ साली महाराष्ट्र हे राज्य अस्तित्वात नव्हते आणि पुणे, सातारा हे जिल्हे मुंबई प्रांतात मोडत. त्यामुळे ‘महाराष्ट्र’ हे क्रिकेट संघाचे नाव राज्यनिर्मितीच्या किमान दोन तपे आधीपासून रूढ होते. मुंबई शहराचा संघ मात्र स्वतंत्र होता. त्यामुळे एकाच प्रांतातील, बहुतांशी मराठी भाषिक खेळाडूंचे दोन संघ परस्परांचे कडवे प्रतिस्पर्धी बनले होते. याशिवाय काही मराठी खेळाडू अन्य संघांकडूनही खेळत. सांगलीत जन्मलेले विजय हजारे या काळात बडोद्याकडून खेळत असत.

काठेवाडविरुद्धचा सामना

डिसेंबर १९४८ मध्ये पुणे क्लबच्या मैदानावर महाराष्ट्राची गाठ काठेवाड संघाशी पडली. काठेवाडचा पहिला डाव २३८ धावांत संपला. महाराष्ट्राचा पहिला गडी बाद झाल्यावर निंबाळकर फलंदाजीस आले. त्यांनी कमल भांडारकर यांच्यासह दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागीदारी केली. भांडारकरांनी २०५ धावा केल्या. पुढे ते पुण्यातील नामवंत प्रशिक्षक झाले.

भांडारकर बाद झाल्यावरही निंबाळकरांचा खेळ मंदावला नाही. ४९४ मिनिटांत ४९ चौकार आणि १ षटकार मारून ते ४४३ धावांवर पोहोचले, त्या वेळी संघाची धावसंख्या ४ बाद ८२६ होती. डॉन ब्रॅडमन यांनी जानेवारी १९३० मध्ये सिडनी येथे केलेल्या नाबाद ४५२ धावा हा तेव्हाचा जागतिक विक्रम होता. तो मागे टाकण्यास निंबाळकरांना केवळ १० धावांची आवश्यकता होती.

खेळाच्या मध्यंतरात काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी पुढे खेळण्यास नकार दिला आणि सामना सोडून दिला. विक्रमासाठी आणखी काही षटके खेळू द्यावीत, ही विनंतीही मान्य झाली नाही. महाराष्ट्राला विजय मिळाला. निंबाळकरांचा विक्रम मात्र हुकला.

मुंबईविरुद्धचा उपांत्य सामना

मार्च १९४९ मध्ये पुण्यात झालेला हा सामना सात दिवस चालला. सामन्याची धावसंख्या पुढीलप्रमाणे होती:

* मुंबई : पहिला डाव ६५१, दुसरा डाव ८ बाद ७१४ (घोषित)
* महाराष्ट्र : पहिला डाव ४०७, दुसरा डाव ६०४
* निकाल : मुंबई ३५४ धावांनी विजयी

मुंबईतर्फे माधव मंत्री यांनी द्विशतक केले. उदय मर्चंट (१४३ व १५६) आणि दत्तू फडकर (१३१ व १६०) यांनी दोन्ही डावांत शतके झळकावली. महाराष्ट्राच्या मधुसूदन रेगे यांनीही १३३ व १०० धावा करून तोच पराक्रम केला.

पहिल्या डावात मुंबईला २४४ धावांची आघाडी मिळाली होती. दुसऱ्या डावानंतर महाराष्ट्रापुढे विजयासाठी ९५९ धावांचे आव्हान राहिले. एवढे लक्ष्य आजवर कोणत्याही संघाने गाठलेले नाही. तरीही महाराष्ट्राने ६०४ धावांपर्यंत झुंज दिली. सामन्यात ३८ गडी बाद होऊन २,३७६ धावा झाल्या. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये एका सामन्यात याहून अधिक धावा झालेल्या नाहीत. पुढे अंतिम सामन्यात मुंबईने बडोद्याचा पराभव करून करंडक पटकावला.

उत्तरकाळ

याच हंगामात वेस्ट इंडीजचा संघ प्रथमच भारताच्या दौऱ्यावर आला होता. त्याच्याविरुद्धच्या मद्रास कसोटीत रेगे यांना संधी मिळाली. तो त्यांचा एकमेव कसोटी सामना ठरला. निंबाळकरांची मात्र कसोटी संघात कधीही निवड झाली नाही. कसोटी न खेळलेल्या फलंदाजाची प्रथम श्रेणीतील सर्वोच्च धावसंख्या आजही त्यांच्याच नावावर आहे.

ब्रॅडमन यांचा विक्रम १९५९ साली हनीफ मोहम्मद (४९९) यांनी आणि हनीफ यांचा विक्रम १९९४ साली ब्रायन लारा (नाबाद ५०१) यांनी मोडला. प्रथम श्रेणी सामन्यात चारशे धावांचा टप्पा ओलांडणारे निंबाळकर हे एकमेव भारतीय फलंदाज आहेत. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने त्यांना कर्नल सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्काराने सन्मानित केले. १२ डिसेंबर १९१९ रोजी कोल्हापूर येथे जन्मलेल्या निंबाळकरांचे ११ डिसेंबर २०१२ रोजी, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, कोल्हापुरातच निधन झाले.

महाराष्ट्राने त्यानंतर १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ या हंगामांत अंतिम फेरी गाठली. परंतु १९४०-४१ नंतर या संघाला रणजी करंडक जिंकता आलेला नाही.