थंडीचा वारा, सायकल आणि पायांचीं वस्त्रें

थंडीपासून शरीराचें रक्षण करणें हें वरवर पाहतां केवळ सोयीचें प्रकरण वाटतें. हवा गार झाली म्हणजे जाड कपडा घालावा, ऊन तापलें म्हणजे तो उतरवून ठेवावा, एवढाच त्यांतील व्यवहार. परंतु वस्त्रांच्या इतिहासांत माणसाची निवड केवळ हवेवर अवलंबून राहिलेली क्वचितच आढळते. अमुक वस्त्र उबदार व सोयीचें आहे इतकें पुरत नाहीं. तें घालणाराला समाज दारांत उभें करील कीं नाहीं, हाहि विचार करावा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांत सायकलस्वाराच्या पायांवर काय असावें याविषयीं जो वाद माजला, त्यांत हे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतले होते. आणि अखेर त्यांतील एकाचा निकाल न्यायालयांत मागण्याची पाळी आली.

सायकलस्वाराची थंडी ही पादचाऱ्याच्या थंडीहून निराळी असते. पादचाऱ्याला वारा सुटला तरच बाधतो. सायकलस्वार आपल्या वेगानें तो स्वतःच निर्माण करतो. हवेचें उष्णमान ५ अंश सेल्सिअस असून ती अगदीं स्तब्ध असली, तरी ताशीं २० किलोमीटर वेगानें जाणाराच्या उघड्या त्वचेला ती सुमारें १ अंश असल्यासारखी झोंबते. मांडीचे स्नायु श्रमानें तापलेले असतात, त्यामुळें त्यांना ही थंडी फारशी जाणवत नाहीं. गुडघ्याची स्थिति मात्र बिकट. त्याच्या पुढच्या बाजूस मांस जवळजवळ नाहींच, चरबीहि थोडी. वाटी, स्नायुबंध आणि वर कातडी, एवढेंच काय तें आवरण. पायटा मिनिटाला साठ वेळां फिरला, तर हा सांधा तासाभरांत ३६०० वेळां वांकतो व सरळ होतो, आणि समोरचा वारा नेमका त्याच्यावरच आदळतो. म्हणून त्याला झांकलें पाहिजे. पण असें झांकलें पाहिजे कीं, दर वेळीं वांकतांना कापड त्याच्यावर ताणलें जाऊं नये.

दुसरी अडचण घामाची. चढावर अंग घामानें भिजतें आणि लागलीच उतार लागून तोच घाम वाऱ्यानें गार पडतो. पाणी हें स्तब्ध हवेपेक्षां वीसपटींहून अधिक सहजतेनें उष्णता वाहून नेतें. त्यामुळें भिजून अंगाला चिकटलेलें सुती कापड ऊब धरून ठेवण्याऐवजीं ती हिरावून घेतें. लोंकरीचा गुण याच्या उलट आहे. आपल्या वजनाच्या सुमारें ३० टक्के बाष्प पोटांत घेऊनहि ती हाताला ओली लागत नाहीं, आणि बाष्प शोषून घेतांना थोडी उष्णता बाहेर टाकते. तिच्या तंतूंच्या कुरळेपणामुळें त्यांच्यामध्यें हवा अडकून राहते, ती निराळीच.

लोंकरीच्या या महतीचा इंग्लंडांतील मोठा प्रचार एका जर्मन प्राध्यापकाच्या नांवानें झाला. श्टुटगार्टचे डॉक्टर गुस्ताव येगर यांचें मत असें होतें कीं, मनुष्यानें आपादमस्तक प्राणिज लोंकरच वापरावी. सूत व ताग हे वनस्पतिजन्य धागे त्याच्या त्वचेस अपायकारक होत. त्यांच्या उपपत्तींतील बराचसा भाग पुढें शास्त्राच्या कसोटीला उतरला नाहीं. तथापि १८८४ मध्यें त्यांच्या पद्धतीचे कपडे विकणारी कंपनी लंडनमध्यें निघाली आणि खेळाडु व प्रवासी यांना तिचा माल मानवला. बर्नार्ड शॉ हे या पंथाचे प्रसिद्ध अनुयायी होते, आणि पुढें सायकलचेहि. १८९५ च्या सप्टेंबरांत मन्मथशायर परगण्यांत त्यांची सायकल तरुण तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांच्या सायकलीवर आदळली. रसेल यांना ओरखडाहि आला नाहीं, मात्र त्यांच्या विजारीची पार दैना झाली, असा त्या प्रसंगाचा वृत्तांत शॉ यांनीं एका पत्रांत दिला आहे.

रसेल यांची ती विजार निकरबॉकर जातीची, म्हणजे ढगळ असून गुडघ्याखालीं पट्टीनें आवळलेली होती. त्या काळच्या पुरुष सायकलस्वारांचा हाच सर्वमान्य पोषाख. १८७८ मध्यें हॅरोगेट येथें सायकल-प्रवाशांचा जो क्लब स्थापन झाला व पुढें सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब या नांवानें प्रसिद्धीस आला, त्यानें आपल्या सभासदांसाठीं गणवेषच ठरवून दिला होता. तो प्रथम गडद हिरव्या सर्जाचा असे. पुढें रस्त्याची धूळ कमी दिसावी म्हणून करडा झाला. जाकीट, निकरबॉकर आणि पोटरी झांकणारे जाड लोंकरी मोजे, असे त्याचे मुख्य भाग. या रचनेंतील शहाणपण लक्षांत घेण्यासारखें आहे. विजार गुडघ्यावर सैल असल्यानें सांधा मोकळा राही, आणि त्या सैल भागांत सांठलेली हवा त्याला ऊब देई. घोट्याजवळ कापड लोंबत नसल्यानें साखळींत कांहींहि अडकण्याचें भय नसे. मोजे भिजले तर ते तेवढे बदलतां येत. हिंवाळ्यांत त्यावर गेटर चढवावे, उन्हाळ्यांत पातळ मोजे घालावे, कीं तोच पोषाख बारमास चाले.

ही सारी सोय पुरुषांपुरती होती. १८८५ मध्यें जॉन केम्प स्टार्ली यांची दोन सारख्या चाकांची ‘रोव्हर’ सायकल निघाली. १८८८ मध्यें डनलॉप यांनीं हवेचा टायर आणला. आणि उंच चाकाच्या जुन्या गाडीवर बसणें ज्यांना शक्य नव्हतें अशा असंख्य स्त्रिया रस्त्यावर आल्या. परंतु त्यांच्या अंगावर घोट्यापर्यंत घोळणारा झगा व त्याखालीं परकर होते. हें वस्त्र वाऱ्यानें शिडाप्रमाणें फुगे, म्हणून कित्येक जणी त्याच्या कांठांत शिशाचीं वजनें शिवून घेत. तें साखळींत अडके, म्हणून मागल्या चाकावर दोऱ्यांचें जाळें बांधावें लागे. पावसांत तें भिजून जड होई आणि दर फेऱ्याला गुडघ्यावर आपटे. थंडीच्या दिवसांत याहून वाईट वस्त्र शोधून काढणें कठीण होतें; कारण वजन पुष्कळ, पण खालून वारा शिरण्यास वाट मोकळी.

यावर उपाय नव्यानें शोधावयाचा नव्हता. अमेरिकेंत अमेलिया ब्लूमर यांनीं १८५१ मध्यें आपल्या ‘लिली’ पत्रांतून आंखूड झगा व त्याखालीं पायघोळ विजार यांचा पुरस्कार केला होता. त्या पोषाखाला त्यांचेंच नांव पडलें आणि जगभर त्याची टवाळी झाली. १८८१ मध्यें लंडनमध्यें ‘रॅशनल ड्रेस सोसायटी’, म्हणजे विवेकी पोषाखाचा पुरस्कार करणारी संस्था, निघाली. स्त्रियांच्या अंतर्वस्त्रांचें एकूण वजन ७ पौंडांहून अधिक नसावें, हा तिचा एक दंडक होता. एवढी मर्यादा सुधारणा म्हणून मांडावी लागली, यावरून रूढ पोषाखाचा भार किती असेल याची कल्पना येते. या संस्थेच्या अध्वर्यु व्हायकाउंटेस फ्लॉरेन्स हार्बर्टन यांनीं दुभागलेल्या झग्याचा पुरस्कार केला, आणि सायकलीचा प्रसार झाल्यावर त्या स्वतः उघडपणें निकरबॉकर घालून फिरूं लागल्या.

लोकमत मात्र क्षुब्ध होतें. १८९३ च्या सप्टेंबरांत टेसी रेनॉल्ड्स ही सोळा वर्षांची मुलगी ब्रायटनहून लंडनला जाऊन साडेआठ तासांहून किंचित् अधिक वेळांत परत आली. तिच्या दमापेक्षां तिच्या विजारीचीच चर्चा अधिक झाली. १८९७ मध्यें केंब्रिज विद्यापीठांत स्त्रियांना पदवी देण्याचा ठराव आला, तेव्हां विरोधी विद्यार्थ्यांनीं ब्लूमर घातलेल्या सायकलस्वार स्त्रीचा पुतळा भर चौकांत टांगला. विद्येचा हक्क मागणारी स्त्री आणि विजार घालणारी स्त्री या त्यांच्या दृष्टीनें एकच होत्या. फ्रान्समधील तोडगा त्याहून चमत्कारिक. पुरुषी वेष करणाऱ्या स्त्रीनें परवाना घ्यावा, अशी पॅरिसच्या पोलीस खात्याची १८०० ची आज्ञा होती. १८९२ व १९०९ च्या परिपत्रकांनीं ती सैल करण्यांत आली. पण ती अशी कीं, त्या स्त्रीच्या हातांत सायकलचें हँडल किंवा घोड्याचा लगाम असला पाहिजे. ही आज्ञा निरर्थक झाली आहे असें फ्रेंच सरकारनें स्पष्ट केलें, तें २०१३ मध्यें.

अशा वातावरणांत २७ ऑक्टोबर १८९८ चा तो प्रसंग घडला. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास असलेल्या लेडी हार्बर्टन एकट्याच सायकलवरून सरे परगण्यांतील ऑकम गांवीं आल्या आणि जेवणासाठीं हॉटबॉय हॉटेलांत शिरल्या. अंगांत कोट, पायांत गुडघ्याखालीं आवळलेली ढगळ निकरबॉकर. हॉटेलच्या मालकिणीनें त्यांना वरच्या दर्जाच्या प्रवाशांच्या भोजनगृहांत बसूं देण्याचें नाकारलें. खाणें हवें असल्यास मद्यगृहाच्या बैठकींत बसावें, असें तिनें सुचविलें. तेथें पुरुष मद्यपान करीत होते आणि खोलींत तंबाखूचा वास भरला होता. लेडी हार्बर्टन यांनीं तेथें बसण्याचें नाकारलें आणि त्या न जेवतां पुढें निघून गेल्या.

हें हॉटेल सायकल-प्रवाशांच्या क्लबाशीं करारानें बांधलेलें असून तेथें क्लबाचें चिन्हहि लावलेलें होतें. म्हणून क्लबानें स्वतः खर्च सोसून मालकिणीवर फिर्याद केली. पैसे देण्यास तयार असलेल्या प्रवाशाला पांथगृहाच्या चालकानें योग्य कारणावांचून परत पाठवूं नये, असा इंग्लंडचा जुना कायदा आहे. १८९९ च्या एप्रिलांत खटला चालला. अन्न नाकारलें नव्हतें, केवळ खोली कोणती द्यावी एवढाच प्रश्न होता, असा बचाव झाला, आणि पंचांनीं मालकिणीला निर्दोषी ठरविलें. सायकलस्वार स्त्रीनें थंडीवाऱ्यांत कोणता पोषाख करावा, या मूळ प्रश्नाला न्यायालयानें स्पर्शहि केला नाहीं. क्लब हरला, परंतु वर्तमानपत्रांनीं हें प्रकरण घरोघरीं नेलें, आणि एवढ्याशा विजारीसाठीं एका वृद्धत्वाकडे झुकलेल्या बाईला उपाशी पाठवावें काय, असा विचार कित्येकांच्या मनांत येऊन गेला.

महाराष्ट्रीय वाचकाला या वादाचें नवल वाटावें असें एक कारण आहे. प्रत्येक पाय निराळा वेढला जावा, एवढ्यासाठीं इंग्रज स्त्रियांना अर्धशतक झगडावें लागलें. आणि कासोटा घातलेल्या नऊवारी लुगड्यानें तीच गोष्ट येथें पिढ्यान्पिढ्या, शेतांत राबणारीपासून घोड्यावर बसणारीपर्यंत, निमूटपणें साधली होती. त्यांत कोणाला मर्यादाभंग दिसला नाहीं. अर्थात् येथील समाजहि इतर बाबतींत स्त्रीला मोकळी सोडीत होता, असें यावरून म्हणतां येणार नाहीं. एका देशांत जें असभ्य तेंच दुसऱ्या देशांत सोज्ज्वळ ठरतें, एवढाच यांतून घ्यावयाचा बोध.

पहिल्या महायुद्धांत इंग्लंडच्या सायकल-पलटणींतील शिपाई पोटऱ्यांना लोंकरी पट्ट्या गुंडाळीत; त्या वस्तूचें इंग्रजी नांवहि आपल्या ‘पट्टी’ शब्दावरूनच गेलें. १९५८ मध्यें अमेरिकेंत ड्यू पाँट कंपनीच्या जोसेफ शिव्हर्स या रसायनशास्त्रज्ञानें रबरासारखा ताणला जाणारा कृत्रिम तंतु सिद्ध केला, आणि पायाला घट्ट बसूनहि गुडघ्याला न अडविणारें वस्त्र शक्य झालें. तरीहि लोंकरीची गरज संपली नाहीं. ५ जून १९८८ रोजीं इटलीच्या शर्यतींत २६०० मीटरांहून उंच अशा गाव्हिया खिंडींत हिमवर्षाव झाला. अमेरिकन स्वार अँड्र्यू हॅम्पस्टन याच्या संघानें दुकानांतून बर्फावरच्या खेळाचे कपडे व हातमोजे आधींच विकत आणून ठेवले होते. उघड्या पायांना त्यानें लॅनोलिन, म्हणजे लोंकरींतूनच निघणारी चरबी, चोपडली होती. त्या दिवशीं त्याला अग्रस्थान मिळालें, आणि ती शर्यतहि अखेर त्यानेंच जिंकली.

आज सायकलस्वाराला मांडीपासून घोट्यापर्यंत ओढून घेण्याच्या सुट्या विणीव नळ्या मिळतात; ऊन चढलें कीं त्या काढून खिशांत ठेवतां येतात. कडाक्याच्या थंडीसाठीं आंतून मऊ लव असलेल्या व पुढून वारा अडविणाऱ्या लांब विजारी आहेत. पुण्यासारख्या ठिकाणीं पौषांतल्या पहांटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हां सायकलवर निघणाराला एवढें पुरे: गुडघा झांकलेला असावा, कापड त्यावर ताणूं नये, अंगालगत ओलें सूत नसावें आणि साखळीजवळ कांहीं लोंबूं नये. हे चारहि नियम ऑकमच्या रस्त्यावरील त्या निकरबॉकरनें पाळलेले होते. तिला भोजनगृहांत जागा मिळाली नाहीं, त्याचें कारण थंडींत नव्हतें, कापडांतहि नव्हतें; तें पाहणाराच्या दृष्टींत होतें.