रानकोंबड्याचे पीस

आज टेबलावर नकाशा नाही. छोट्या व्हाइसच्या जबड्यात धरलेला एक गळ आहे, शेजारी रेशमी दोरा आणि पिसे. गळावर पिसे बांधून किड्याचा आभास निर्माण करायचा, याला ‘फ्लाय’ बांधणे म्हणतात. आपण तिला माशी म्हणू. निवृत्तीनंतर मला हा नाद लागला.

मध्यंतरी परदेशातल्या एका मित्राने विचारले, “तुमच्या रानातल्या कोंबड्याची थोडी पिसे पाठवशील का?” मी नाही म्हणालो. का, ते आज सांगतो.

या कलेची जुनी नोंद सुमारे 1800 वर्षांपूर्वीची. रोमन लेखक ईलियन सांगतो, की मॅसिडोनियातले लोक गळाला लाल लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याच्या गळ्याखालची, मेणाच्या रंगाची दोन पिसे लावत. 1496 साली इंग्लंडमध्ये छापलेल्या एका पुस्तकात अशा 12 माश्यांच्या कृती आहेत. त्यांतले बरेचसे साहित्य परसातले किंवा शेतातले: लोकर, कोंबड्याची, बदकाची, तित्तराची पिसे.

एकोणिसाव्या शतकात चित्र पालटले. साम्राज्याच्या जहाजांतून जगभरची पिसे लंडनला पोहोचू लागली आणि सॅल्मन माशासाठीची माशी दागिन्यासारखी सजू लागली. 1895 साली जॉर्ज केल्सनने ‘द सॅल्मन फ्लाय’ लिहिले. ते जणू या छंदाचे ड्रिल मॅन्युअलच. ‘जॉक स्कॉट’ ही गाजलेली माशी घ्या. तिच्यात टूकन, मोर, सोनेरी फेझंट आणि दोन्ही बाजूंना ‘जंगल कॉक’ची पिसे.

नावांची गंमत पाहा. या माश्यांत वापरला जाणारा ‘इंडियन क्रो’ भारतीयही नाही आणि कावळाही नाही. तो दक्षिण अमेरिकेतला पक्षी. खरा आपला तो ‘जंगल कॉक’, म्हणजे सह्याद्रीत पहाटे आरवणारा राखी रानकोंबडा. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणाचा थेंब सुकावा तसे चकचकीत ठिपके असतात. माशीवर ते डोळ्यांसारखे दिसतात. त्या ठिपक्यांपायी रानकोंबडे मारून त्यांच्या मानेची कातडी विलायतेला जात असे.

आणि सॅल्मन? समुद्रातून अंडी घालायला नदीत परतलेला सॅल्मन सहसा काही खातच नाही. तरी तो माशीवर झडप का घालतो, यावर अजून वाद आहे. म्हणजे ही सगळी सजावट माशापेक्षा माणसालाच भुलवण्यासाठी होती.

1902 साली ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली. 1921 मध्ये ब्रिटनने आयातीला लगाम घातला. आज आपला रानकोंबडा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सुरक्षित आहे. पण हाव कायद्याने मरत नाही. 2009 साली इंग्लंडमधल्या ट्रिंग येथील संग्रहालयातून एका तरुणाने 299 पक्ष्यांची कातडी चोरली. काही तर निसर्गशास्त्रज्ञ वॉलेसने जमवलेली होती. पिसे विकली गेली ती माशा बांधणाऱ्या शौकिनांना.

म्हणून मित्राला नकार दिला. माझ्या गळावर कोंबडीवाल्याकडून आणलेली, घरी रंगवलेली पिसे आहेत. ईलियनच्या मॅसिडोनियात कोंबड्याची दोन पिसे पुरत होती. माझेही भागते.

जय हिंद.